नगण्य क्षमतेचा दिवा

वाघजाई भूमिगत जलविद्युत केंद्रात दर अमावास्येला सकाळी दहाच्या ठोक्याला सगळे दिवे घालवत. बाहेर सह्याद्रीवर लख्ख ऊन पडलेलं असे, पण डोंगराच्या पोटात सातशे मीटर आत ऊन कुठून येणार? तिथला काळोख असा की स्वतःचा हात नाकाला लागल्याशिवाय कळत नसे. त्या काळोखात केंद्रातली बारा माणसं भिंतीला बांधलेली काथ्याची दोरी चाचपत चालत आणि ऐंशी मेगावॅटचं एक नंबरचं यंत्र हातानं चालू करून दाखवत. दोरीला गाठी होत्या. एक गाठ म्हणजे पायरी, दोन म्हणजे वळण, तीन म्हणजे तेलाचा पंप, आणि पाच गाठी लागल्या की समोर पाण्याच्या तोटीचं मोठं चाक.

बाहेरच्यांना हा सगळा प्रकार शुद्ध खुळेपणा वाटे, आणि त्यांचं तरी काय चुकलं? साल होतं २०५८. गेल्या नऊ वर्षांत देशात एक मिनिटसुद्धा वीज गेली नव्हती. शाळेतल्या मुलांना भारनियमन हा शब्द समजावून सांगावा लागे. आणि इथे बारा शिकलीसवरलेली माणसं काळोखात दोरी धरून पायऱ्या मोजत होती.

केंद्रप्रमुख शैला शिगवण मात्र या तालमीच्या बाबतीत कुणाचं ऐकत नसे. बावन्न वर्षांची ही बाई, अंगानं किरकोळ आणि आवाजानं दणदणीत. तिचे वडील याच केंद्रात फिटरचे मदतनीस होते, तेव्हा दोरीच्या गाठी तिला बाराखडीच्या आधी पाठ झाल्या होत्या.

कार्तिकातल्या त्या अमावास्येला तालीम संपली, दिवे लागले, आणि शैलाला दिसलं की नियंत्रण कक्षाच्या दारात कोट घालून कुणीतरी उभा आहे. घामानं डबडबलेला. एक हात अजून दोरीवर.

"सुहास? तू कधी आलास रे?"

"दिवे गेले तेव्हा," धाकटा भाऊ कसंनुसं हसत म्हणाला. "सांगायचंस तरी, ताई. जीव जायचा राहिला."

"अजून भितोस होय काळोखाला? लहानपणी माझ्या झग्याचं टोक धरून चालायचास. आता तेवीस देशांचा अधिकारी झालास, तरी तसाच!"

ती हसली खरी, पण त्याच्या हातातली सूर्यसंघाची निळी फाइल बघून तिचं हसू मावळलं.

*

सूर्यसंघ म्हणजे काय, हे २०५८ साली कुणाला विचारावं लागत नव्हतं, पण मुळात सगळं सुरू झालं ते एका तारेपासून.

साध्या तारेतून वीज वाहते तेव्हा तिला अडथळा होतो. तार तापते आणि वाटेत थोडी थोडी वीज वाया जाते. म्हणून वीज फार लांब नेणं परवडत नसे. काही पदार्थ अतिशय गार केले की त्यांतला अडथळा पार नाहीसा होतो, हे माणसाला शंभर वर्षांहून अधिक काळ माहीत होतं, पण तेवढा गारवा राखणंच फार महाग पडे. २०४१ साली असा पदार्थ सापडला, ज्याला आपल्या घरातल्या फ्रीजइतका गारवा पुरतो. त्याची तार निघाली. लोक तिला शून्यतार म्हणू लागले. आता सहारातलं ऊन चिपळुणात वापरता येऊ लागलं आणि राजस्थानातलं जपानात. पृथ्वीवर कुठे ना कुठे दुपार असतेच, मग रात्रीसाठी कोळसा कशाला जाळायचा? तेवीस देशांनी आपल्या तारा एकमेकांना जोडल्या आणि त्यांचा संघ झाला.

सुरुवातीला संघ फक्त तारांपुरता होता. मग तारांसाठी एक दर आला, दरासाठी एक कायदा, कायद्यासाठी एक सभा. आठ-दहा वर्षांत अशी वेळ आली की संघाच्या सभेनं ठराव केला की तो देशाच्या संसदेच्या वर. हे कधी झालं, कुठल्या मंगळवारी झालं, हे नेमकं कुणालाच सांगता येत नव्हतं. वीज स्वस्त होती आणि जात नव्हती. लोकांनी कशाला विचारायचं?

त्या तारेला एक खोड मात्र होती. ठरलेल्या मर्यादेपलीकडे प्रवाह गेला की तिचा तो गुण एका क्षणात नाहीसा होई आणि ती साध्या तारेहून साधी होऊन बसे. पण अशी वेळ येऊच नये म्हणून हिंदी महासागरातल्या मध्यद्वीप नावाच्या कृत्रिम बेटावर मोठं समन्वय केंद्र होतं. तेवीस देशांची वीज तिथून हलवली जाई.

*

दुपारी शैलाच्या क्वार्टरमध्ये बहीणभाऊ जेवायला बसले. कुळथाचं पिठलं, भाकरी आणि सोलकढी. सुहासनं दोन भाकऱ्या गप्प बसून खाल्ल्या आणि मग फाइल उघडली.

"कलम सतरा, ताई. कुठल्याही सदस्य देशानं समन्वय केंद्राच्या परवानगीशिवाय आपलं केंद्र चालू करायचं नाही. म्हणजे तसं करण्याची साधनंही ठेवायची नाहीत. तुमचा डिझेल जनरेटर, बॅटऱ्यांची खोली, हातानं चालवायचं चाक. सगळं एकतर न्यायचं, नाहीतर सील करायचं."

"आणि वीज गेली तर?"

"जात नाही."

"अरे, पण गेली तर?"

"तर मध्यद्वीपहून परत येईल, क्रमानं. तू इंजिनिअर आहेस, तुला मी काय सांगू? अंधारात दहा जणांनी दहा ठिकाणी आपापली यंत्रं चालू केली आणि ती एकमेकांवर आदळली, तर काय होईल?"

यात खोट नव्हती, आणि ते शैलालाही कबूल होतं. दोन केंद्रं वेगवेगळ्या लयीत फिरत असताना जोडली तर यंत्रांचे दांडे पिळवटून निघतात.

"आणि दुसरं," सुहास पुढे म्हणाला. सभेत बोलतो तसा त्याचा आवाज आता चढला होता. "तारा एकमेकांत गुंतल्यापासून या तेवीस देशांत एकही लढाई झाली नाही. ज्याच्या विजेवर आपला पंखा फिरतो त्याच्यावर बॉम्ब टाकत नाही कुणी. तुझं ते सार्वभौमत्व याहून मोठं आहे का?"

शैलानं त्याच्या वाटीत सोलकढी ओतली. "वीज वाटून घ्यायला माझी कधी ना आहे? खुशाल घ्या, खुशाल द्या. पण सुहास, काड्यापेटी शेजाऱ्याकडे ठेवून आपण चूल मांडतो का रे? शेजारी कितीही चांगला असला तरी?"

"तेवीस घरांत तेवीस काड्यापेट्या असल्या की आग लागते, ताई."

"आणि एकाच घरात ठेवली, आणि नेमकं त्याच घराला कुलूप असलं तर?"

"त्या घराला कुलूप लागत नाही," सुहास म्हणाला.

शैलाला भावाचा राग आला. या पोराला तिनं हाताला धरून शाळेत नेलं होतं. तो वकील झाला, करार लिहू लागला, याचा तिला केवढा अभिमान होता. आणि आज तोच तिच्या घरात, तिच्या हातचं पिठलं खाऊन, तिचं केंद्र तिच्याकडून काढून घेत होता. ती उठली आणि भांडी जरा जास्तच आवाज करून घासू लागली.

*

दुसऱ्या दिवशी यादी झाली. सुहास पुढे, शैला मागे, आणि तिच्या मागे परकारचाचा. दाऊद परकार केंद्राचे जुने फिटर. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती, पण अमावास्या आणि नवरात्र चुकवत नसत.

डिझेल जनरेटर लिहून झाला. बॅटऱ्या लिहून झाल्या. पाच गाठींच्या चाकाला सुहासनं स्वतःच्या हातानं तार गुंडाळून शिसाचं सील ठोकलं. परतताना निचऱ्याच्या बोगद्याच्या वळणावर शैला थांबली.

"हे राहिलं."

खडकात कोनाडा होता. कोनाड्यात शेंदरी वाघजाई, आणि तिच्या डोक्यावर बोटाएवढा पिवळा दिवा. बोगदा खणताना खडकातून एक झरा फुटला होता. तो काही केल्या बुजेना, तेव्हा तिथे देवी बसवली, आणि पुढे परकारचाचांनी भंगारातून वीतभर चाक करून त्या झऱ्यावर फिरतं ठेवलं. गेली अठ्ठावीस वर्षं देवीचा दिवा त्यावर चालत होता. केंद्राच्या कुठल्याही नोंदवहीत तो नव्हता. देवीच्या वस्तूला कोण नंबर देणार?

"ताई, हे काय लिहायचंय?"

"यंत्र आहे ते. पूर्ण पाणी सोडलं तर पाच किलोवॅट देतं. लपवाछपवी मला जमत नाही, लिही."

सुहासनं अर्जाचा रकाना पाहिला. संघाचा अर्ज शंभर किलोवॅटपासून सुरू होत होता. त्याखाली एकच शब्द निवडता येई. त्यानं हसत हसत लिहिलं : देवीचा दिवा. क्षमता : नगण्य.

"झालं तुझं समाधान?"

परकारचाचा दाढी खाजवत म्हणाले, "नगण्य काय रे बाबा? अठ्ठावीस वर्सांत एकदा इझला नाय."

"नियमाप्रमाणे नगण्य, चाचा," सुहास म्हणाला. सील करायची गरज नव्हती. ते पुढे गेले.

त्या आठवड्यात ट्रेलर आला आणि जनरेटर घेऊन गेला. बॅटऱ्या गेल्या. हेल्मेटवरचे दिवेसुद्धा बदलले. आता छतातल्या वेटोळ्यांतून बिनतारी वीज घेणारे दिवे आले, बॅटरीचं लचांडच नको म्हणून. अमावास्येची तालीम बंद झाली. कोणी तरी दोरीही काढायला निघालं होतं, पण शैला इतकी खेकसली की त्यानं पुन्हा दोरीकडे बघितलं नाही.

*

फाल्गुनातल्या एका बुधवारी सुहास एकात्मता प्रमाणपत्र, म्हणजे केंद्र पुरतं संघाच्या हाती गेल्याचा कागद, घेऊन आला. त्या दिवशी नेमके परकारचाचाही आले होते, देवीच्या चाकाला वंगण घालायला. नियमाप्रमाणे सगळ्यांचे फोन बोगद्याच्या तोंडाशी पहारेकऱ्याकडे जमा होते. सुहासचा उपग्रह-फोनही तिथेच. सकाळचे अकरा वाजून सतरा मिनिटं झाली होती. शैलानं सहीसाठी पेन उघडलं.

आणि काळोख झाला.

नुसते दिवे गेले नाहीत. पंखे थांबले, यंत्रांची घरघर उतरत उतरत बंद झाली, हेल्मेटवरचे दिवे विझले. इतकी वर्षं ज्या आवाजात ही माणसं काम करत आली तो आवाजच गेला, आणि लांबवर देवीच्या झऱ्याचं पाणी पडताना ऐकू येऊ लागलं.

"ताई!" सुहासचा आवाज लहान मुलासारखा चिरकला.

"इथेच आहे. हात दे. सगळ्यांनी नाव घ्या आपापलं!"

बारा नावं आली, परकारचाचांचं तेरावं. शैलानं नऊ जणांना दोरी धरून बाहेर पाठवलं आणि दोघांना हाताशी ठेवलं. वीस मिनिटांनी पहारेकरी दोरीनंच धापा टाकत आत आला. एका हातात मेणबत्ती, दुसऱ्या हातात कागद. सुहासच्या फोनवर आलेले निरोप त्यानं उतरवून आणले होते.

समुद्राखालची एक शून्यतार अचानक साधी झाली होती. तिच्यातला प्रवाह शेजारच्या तारांवर गेला, त्यांनाही तो झेपला नाही, मग त्यांच्या शेजारच्या. अकरा सेकंदांत तेवीस देश अंधारात गेले होते. चूक कुणाची नव्हती. सगळे एकमेकांना बांधलेले होते, एवढंच.

पुढचा निरोप मध्यद्वीपचा होता. शैलानं मेणबत्तीशी धरून तो मोठ्यानं वाचला. "वीज क्रमानं पूर्ववत केली जाईल. पश्चिम भारताचा क्रम चौदावा. अंदाजे वेळ एकसष्ट तास. क्रमाला दोन तृतीयांश देशांची संमती आवश्यक. तोवर कोणीही स्वतंत्र वीजनिर्मिती करू नये. कलम सतरा."

"एकसष्ट तास," ती म्हणाली. "आणि तेही संमती मिळाली तर."

"बाई, अजून एक हाय," पहारेकरी म्हणाला. "पोलिसांच्या वायरलेसवरनं. खाली शहरातल्या रुग्णालयात यंत्रांवर एकोणतीस माणसं हायत. त्यांच्या बॅटऱ्या चार तास जातील म्हणतायत. त्यांचापण जनरेटर गेल्या वर्षी नेलान ना."

मेणबत्तीच्या उजेडात शैलाला भावाचा चेहरा दिसला. तो तिच्याकडे बघत नव्हता.

तिनं कागद घडी करून खिशात घातला. "चाचा, एक नंबरला उठवायला काय काय लागतं?"

"तेलाचा दाब लागतो, बाय. चाळीस किलो. तोटी उघडायला. नि मग यंत्रातल्या चुंबकाला जागवायला जराशी वीज. झाला. पाणी तर वर भरलेला हाय." म्हातारा खुदकन हसला. "नि पाच किलोवॅट तर नियमाप्रमाणं नगण्य हाय!"

*

खरी अडचण तारेची होती. कोनाड्यापासून तेलाच्या पंपापर्यंत एकशे तीस मीटर, आणि भांडाराचं दार तर विजेच्या कुलपाचं. पण कोनाड्याखालच्या पेटीत नवरात्राची रोषणाई होती, भल्या मोठ्या केबलची दोन वेटोळी, रंगीत दिव्यांसकट. चाचांनी ती ओढत आणली. दिवे काढत बसायला वेळ नव्हता, म्हणून निम्मे तसेच राहिले. झऱ्याचं पूर्ण पाणी चाकावर सोडलं, तेव्हा अठ्ठावीस वर्षांत कधी फिरलं नव्हतं तेवढ्या जोरानं ते वीतभर चाक फिरू लागलं, आणि त्या काळ्याठिक्कर बोगद्यात लाल, हिरवे, पिवळे दिवे लुकलुकत पेटले. शैलाला हसू फुटलं. देशावर एवढं संकट कोसळलेलं आणि इथे जत्रेसारखी रोषणाई!

पंप कण्हत सुरू झाला. दाबाच्या तबकडीपाशी मात्र उजेड नव्हता. चाचांनी देवीच्या डोक्यावरचा दिवा वायरसकट उचलून आणला आणि तबकडीवर टांगला.

"देवी रागवेल, चाचा," हाताखालचा एक जण म्हणाला.

"रागावायची नाय. तिला पण बघायचा हाय."

काटा हलायला लागला. पाच. नऊ. बारा. इवल्याशा चाकानं एवढा मोठा पंप रेटायचा, म्हणजे वेळ लागणारच. तेवढ्यात शैलानं दोघांना बाहेर यार्डात पिटाळलं. संघाच्या तारांकडे जाणारं स्विच हातानं उघडायचं, आणि दोन पात्यांमध्ये मोकळी हवा डोळ्यांनी बघूनच परत यायचं.

"हे कशाला?" सुहासनं विचारलं. निरोप वाचून झाल्यापासून तो पहिल्यांदा बोलला होता.

"तूच म्हणालास ना, यंत्रं आदळतील म्हणून? खरं आहे तुझं. म्हणून आधी आपलं दार लावून घेतेय. आता मध्यद्वीपची वीज आपल्यावर येणार नाही, आपली त्यांच्यावर जाणार नाही. कुणाला इजा नाही. आपण आपल्या घरात दिवा लावतोय."

"ताई, हे केलंस तर करार मोडतो. देशाचा. नुसती तुझी नोकरी नाही."

"करार माणसांसाठी केला होता ना? मग खाली एकोणतीस माणसं आहेत. त्यांना जाऊन सांग, तुमचा क्रम चौदावा."

तबकडीवर काटा एकवीसवर होता. मग सव्वीस. मग बराच वेळ एकतीसवर अडून बसला. चाचांनी चाकाची तोटी आणखी अर्धा आटा सोडली. चौतीस. शैलाचं लक्ष घड्याळाकडे गेलं. दोन तास पाच मिनिटं उलटली होती. तिला एकदम बाबांची आठवण झाली. काळोखात पुढे चालताना ते नेहमी मोठ्यानं गाठी मोजायचे, मागच्या पोरांना धीर यावा म्हणून.

काटा चाळीसवर आला.

शैला दोरी धरून निघाली. मागून सुहासची पावलं येत होती, आणि तो मोजत होता. "एक... एक... दोन, वळण..." आवाज कापत होता पण मोजणी चुकत नव्हती. पाच गाठी लागल्या. शैलानं हात पुढे केला तो चाकावर नाही, शिसाच्या थंडगार गोळ्यावर पडला.

"थांब ताई," सुहास म्हणाला.

ती थांबली. तिला वाटलं, संपलं. आता हा कलम वाचून दाखवणार.

"ते सील मी लावलंय. मीच तोडतो."

काळोखात हातोडीचे तीन घाव ऐकू आले. दुसरा बहुधा त्याच्याच बोटावर बसला, कारण त्यानं अस्सल चिपळुणी शिवी हासडली, आणि संघाच्या सभेत तेरा वर्षं काढूनही ती तो विसरला नव्हता, याचं शैलाला त्याही परिस्थितीत बरं वाटलं. सील खाली पडलं. दोघांनी चार हातांनी चाक धरलं.

चाक पहिल्यांदा ढिम्म हललं नाही. मग कुरकुरलं. मग फिरलं. वरच्या जलाशयातून पाचशे मीटर खोल उतरलेलं पाणी तोटीतून सुटलं आणि टर्बाइनच्या पोलादी वाट्यांवर आदळलं. जमीन थरथरली. घरघर चढत चढत त्या केंद्राच्या ओळखीच्या सुरावर येऊन स्थिर झाली.

"चुंबक!" शैला ओरडली.

चाचांनी रोषणाईच्या केबलचं दुसरं टोक चुंबकाच्या तारेवर दाबून धरलं. एक क्षण. आणि मग छतावरचे सगळे दिवे एकदम लागले.

उजेडात सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. सुहासचा कोट तेलानं बरबटलेला, अंगठा सुजलेला. चाचांच्या दाढीत निळा दिवा अडकलेला. शैला मोठमोठ्यानं हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तिला त्याची मुळीच लाज वाटत नव्हती.

*

रुग्णालयाला वीज पोचली तेव्हा तीन तास एक मिनिट झालं होतं. एकोणतीस माणसांपैकी एकालाही काही झालं नाही.

पुढचं काम धीराचं होतं. एकदम ओझं टाकलं तर यंत्र बसलं असतं. शैला एकेक गाव जोडत गेली. आधी रुग्णालय, मग पाण्याचे पंप, मग बाजारपेठ. तिन्हीसांजेपर्यंत चिपळूण ते रत्नागिरी दिवे लागले. उरलेली वीज घाटावर गेली, तिथलं एक केंद्र त्या विजेवर उठलं. त्यानं पुढच्याला उठवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी महाराष्ट्र उजळला, तिसऱ्या दिवशी सकाळी जवळजवळ सगळा देश, आणि लोक रस्त्यावर येऊन वेड्यासारखे टाळ्या वाजवू लागले. दिल्लीहून फोनवर फोन आले. पहिल्या फोनचा सूर धमकीचा होता, दुसऱ्याचा चौकशीचा, तिसऱ्यापासून पुढे सगळे अभिनंदनाचे.

मध्यद्वीपवर मात्र अजून काळोख होता. क्रमाला दोन तृतीयांश संमती मिळालीच नव्हती. प्रत्येक देशाला पहिला क्रम हवा होता, आणि समन्वय केंद्राकडे स्वतःची काडी नव्हतीच. आपण सगळ्यांचे, म्हणून आपल्याला कोणी ना कोणी वीज देईलच, असं धरून ते बांधलं होतं.

तिसऱ्या दिवशी अकरा वाजता नियंत्रण कक्षातला फोन वाजला. एक दमलेला बाईचा आवाज होता.

"वाघजाई, हे समन्वय केंद्र, मध्यद्वीप. आम्हाला सुरू होण्यासाठी वीज हवी आहे. परवानगी मिळेल का?"

शैलानं भावाकडे पाहिलं. तो तीन दिवस घरी गेला नव्हता. त्याच निळ्या फाइलीत तो स्वतःविरुद्धचा अहवाल लिहीत बसला होता : सील मी स्वतः तोडले.

"देऊ की," शैला फोनवर म्हणाली. "आधी एका वेगळ्या तारेनं थोडी वीज सोडते, तिच्यावर तुमचं छोटं यंत्र उठवा. फिरू लागलं की त्याची लय आमच्या लयीला जुळवा. लय जुळल्याचं दाखवणारी सुई बाराच्या आकड्यावर आली की मी दार उघडते. एक मात्र ध्यानात ठेवा, ताई. जो स्वतः फिरत असतो त्यालाच दुसऱ्याशी जोडता येतं. थांबलेल्याला जोडलं तर ते जोडणं नव्हे, ओढणं होतं."

पलीकडून आवाज आला, "नोंद घेतली, वाघजाई."

सुई हळूहळू बाराकडे सरकली. शैलानं स्विच दाबलं. दोन लयी एकमेकींत इतक्या अलगद मिसळल्या की दिवे जरासुद्धा लुकलुकले नाहीत.

संघ मोडला नाही. मोडावा असं शैलाला वाटतही नव्हतं. पण त्या वर्षी संसदेनं तो करार परत मागवला, पहिल्यांदाच ओळ न् ओळ वाचला, आणि संघाचा ठराव देशाच्या कायद्याच्या खाली आणून ठेवला. पाठोपाठ एकोणीस देशांनी तेच केलं. कलम सतरा खोडून नवं आलं : प्रत्येक देशाकडे स्वतःचा पहिला दिवा असलाच पाहिजे, आणि तो लावायला कुणाचीही परवानगी लागणार नाही. त्याचा मसुदा सुहास शिगवणनं लिहिला. त्याला कामावरून काढणार होते, पण मग हे लिहायला त्यांना दुसरं कोणी सापडेना.

तालीम पुन्हा सुरू झाली, त्या पहिल्या अमावास्येला तो आपणहून आला. दोरी धरून सगळ्यांच्या पुढे चालला, मोठ्यानं गाठी मोजत. दिवे लागल्यावर तो सरळ निचऱ्याच्या बोगद्यात गेला. वाघजाईच्या डोक्यावर दिवा पुन्हा आपल्या जागी होता. सुहासनं नमस्कार केला, बगलेतली जुनी यादी उघडली, आणि पेन काढलं.

शैला आणि परकारचाचा मागे उभे राहून बघत होते. देवीचा दिवा, क्षमता, यापुढचा शब्द त्यानं नीट पट्टी धरून खोडला. मग जरा विचार केला आणि वर लिहिलं :

पुरेशी.